व्हिटबीच्या कोऱ्या शिळा

लीड्सहून निघालेली बस पिकरिंग गाव मागे टाकून माळावर चढली आणि झाडं संपली. उत्तर यॉर्कशायरचा हा माळ म्हणजे नजर जाईल तिथवर गुडघ्याएवढं हेदरचं झुडूप. ऑगस्टमध्ये ते फुलतं तेव्हा सगळा माळ जांभळा होतो, कासच्या पठाराची आठवण यावी असा. मी गेले ऑक्टोबरात. तेव्हा त्याचा रंग उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. एका वळणावर अचानक समुद्र दिसला, आणि त्याच्या काठाशी, कड्याच्या अगदी टोकावर, मोडका कंगवा उभा करून ठेवावा तसं काहीतरी. व्हिटबीचा मठ. गाव अजून काही मैल लांब होतं, पण मठ दिसायला लागला होता.

निघताना भाचा म्हणाला होता, "मावशी, तिकडे थडग्यांशिवाय आहे काय? त्यापेक्षा यॉर्कला जा." त्याला काय सांगणार, मला थडगीच बघायची होती. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या अस्थी पाण्यात जातात, आणि पुढे श्राद्धाला गुरुजी नावं विचारतात ती बाप, आजा आणि पणजा यांचीच. खापरपणजोबांचं नाव आमच्या घरात आज कुणालाच सांगता येणार नाही. जे लोक माणसाचं नाव दगडात कोरून ठेवतात, त्यांचं तरी किती टिकतं, हे मला बघायचं असतं. वसईच्या किल्ल्यात आणि जुन्या गोव्यात मी पायाखालच्या शिळा वाचत हिंडले आहे, पोर्तुगीजचं अक्षर कळत नसताना.

एस्क नदी व्हिटबीचे दोन तुकडे करून समुद्राला मिळते. मधे एक फिरता पूल आहे. बोटी यायला लागल्या की तो बाजूला होतो आणि दोन्ही काठांची माणसं हात खिशात घालून वाट बघत राहतात. पश्चिमेला नवं गाव: हॉटेलं, देवमाशाच्या हाडांची कमान, कॅप्टन कुकचा पुतळा. जेम्स कुक १७४६ मध्ये इथे एका जहाजमालकाकडे उमेदवारी करायला आला, आणि ज्या 'एन्डेव्हर'वरून तो पुढे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला गेला ते जहाजही मूळचं व्हिटबीच्याच गोदीत बांधलेलं, कोळसा वाहण्यासाठी. मला मात्र पूर्वेला जायचं होतं. जुनं गाव तिकडे आहे.

पूल ओलांडला की चर्च स्ट्रीट. दगडी फरशीचा बोळ, दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावं लागेल एवढा. दर तिसऱ्या दुकानात काळे दागिने. हा जेट. दगड वाटतो, पण आहे लाकूड. साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाळात गाडली गेलेली झाडं दाबाने अशी काळी, चकचकीत झाली. हातात घेतला तर लाकडाइतकाच हलका लागतो आणि दगडासारखा गारही नसतो. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा गेला. तिने काळे कपडे चढवले ते पुन्हा उतरवलेच नाहीत, आणि दरबारात दुखवट्याचा दागिना म्हणून जेट चालू लागला. राणीने घातलं म्हणून सरदारांच्या बायकांनी, त्यांनी घातलं म्हणून वाण्यांच्या बायकांनी. त्या भरात व्हिटबीसारख्या चिमुकल्या बंदरात हजारावर माणसं जेट घासत बसलेली असत. आपल्याकडे त्याच काळात विधवेच्या अंगावरचा मणी अन् मणी काढून घेत होते, आणि इथे विधवेसाठी खास दागिने घडवणारं गाव उभं राहत होतं. दुःख कुठे कमी होतं आणि कुठे जास्त, कोण सांगणार. बाजार मात्र एकाच ठिकाणी होता.

त्याच दुकानांतून दगडी गोगलगाईसारखे वेटोळे विकायला असतात. कुणी त्यांना सापाचं तोंडही कोरून लावलेलं असतं. मी एक उचलला आणि दुकानदारीणबाईंना म्हटलं, "हा आमच्या देवघरात असतो." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. पण ते खरं आहे. व्हिटबीच्या कड्यातून पडणारा हा अॅमोनाइट आणि नेपाळातल्या गंडकीत सापडणारा शाळिग्राम, दोन्ही एकाच कुळातल्या सागरी जीवांचे जीवाश्म. आपण त्या वेटोळ्यात विष्णूचं चक्र पाहिलं, त्याला तुळस वाहिली, तिच्याशी त्याचं लग्न लावलं. इथल्या लोकांनी त्यात साप पाहिले. मठाची पहिली मठाधिपती हिल्डा हिने जागा साफ करताना सगळ्या सापांना कड्यावरून खाली लोटलं आणि त्यांचे दगड झाले, अशी कथा. दगडांना डोकी नाहीत हे लक्षात आल्यावर कारागिरांनी डोकीही कोरून दिली. गावाच्या मानचिन्हात असे तीन साप आहेत. शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. यातल्या एका अॅमोनाइटचं नाव त्यांनी हिल्डोसेरस ठेवलं.

बोळ संपतो तिथे पायऱ्या सुरू होतात. एकशे नव्याण्णव, असं म्हणतात. १७७४ पर्यंत लाकडी होत्या, मग दगडी झाल्या. मी मोजायला सुरुवात केली. मधे एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उतरत होता. "मॉर्निंग, लव्ह," म्हणाला. यॉर्कशायरमध्ये अनोळखी बाईलाही लोक असंच बोलवतात. आमच्याकडे खाली कोकणात एखादा आजोबा 'काय गो बाय' म्हणेल, तितकंच ते साधं. पण उत्तर देण्याच्या नादात माझी मोजणी चुकली.

पायऱ्यांवर मधूनमधून सपाट टप्पे आहेत आणि तिथे लाकडी बाक. दमलेल्या पर्यटकांसाठी असतील असं वाटून मी टेकले. मग कळलं की ही सोय मूळची शवपेटीसाठी आहे. खालच्या गावात माणूस गेला की पेटी खांद्यावरून या पायऱ्या चढवून वर दफनाला न्यायची. शेजारून घोडागाडीचा चढ होता, पण बऱ्या घरचे लोकही खांद्यावरूनच जाणं मानाचं समजत. खांदेकरी दमले की पेटी या सपाट जागी टेकवायची, खांदा बदलायचा, पुढे निघायचं. मला शब्द शोधावा लागला नाही. विसावा! आमच्या गावी स्मशानाच्या वाटेवर एक चौथरा आहे, तिरडी क्षणभर खाली ठेवायचा. सात हजार किलोमीटरवर, वेगळ्या धर्माच्या माणसांनी, वेगळ्या पद्धतीने मृताची व्यवस्था लावताना, खांद्याला मात्र तीच सोय केलेली होती. मी उठले नाही. पण जरा कडेला सरकून बसले.

वर पोहोचताच पहिला उभा राहतो तो कॅडमनचा क्रूस. माणसाच्या तिप्पट उंच, कोरीव, १८९८ मध्ये उभारलेला. मराठीत आद्यकवी म्हणून मुकुंदराजांचं नाव घेतात, तसा इंग्रजीत नावानिशी माहीत असलेला पहिला कवी हा कॅडमन. मठातला गुराखी. त्याची हकीकत जॅरोच्या मठातल्या बीड या विद्वानाने ७३१ च्या सुमारास लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. जेवणावळीत वीणेसारखं एक वाद्य हातोहात फिरे आणि ज्याच्याकडे येईल त्याने गायचं. वाद्य जवळ येताना दिसलं की कॅडमन उठून गोठ्यात जाई, कारण त्याला एकही गाणं येत नसे. एका रात्री गोठ्यात झोपलेला असताना स्वप्नात कुणीतरी त्याला नावाने हाक मारली आणि सृष्टीच्या उत्पत्तीवर गा म्हणून सांगितलं. सकाळी त्याला ते आठवत होतं. हिल्डाने त्याला बोलावून घेतलं, विद्वानांसमोर परीक्षा घेतली आणि मठात ठेवून घेतलं. लॅटिन न येणाऱ्या माणसाने लोकांच्या बोलीत देवाचं गाणं रचावं आणि मठाधिपतीने त्याला हाकलून न देता पाठबळ द्यावं, हे आळंदी-पैठणची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला विशेष वाटतं. त्याच्या रचनांपैकी आज निश्चितपणे त्याच्या म्हणता येतील अशा नऊ ओळी उरल्या आहेत. त्याची कबर कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. क्रूसाखाली तो नाही.

क्रूसाच्या मागे दफनभूमी. आणि इथे मी थबकले.

शेकडो शिळा, सगळ्या काळपट, सगळ्या किंचित समुद्राकडे पाठ करून झुकलेल्या. आणि कोऱ्या. जवळ गेले, वाकले, तिरप्या उजेडात पाहिलं. काहींवर अक्षराचा एखादा पाय, कुठे अठराव्या शतकातला '१७' एवढाच आकडा. बाकी दगडाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली. इथला दगड वाळूचा, समुद्र खाली. खारं पाणी वाऱ्याबरोबर येऊन दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे कण आतल्या आत फुगतात आणि दगड दाण्यादाण्याने सुटतो. वारा तो दाणा घेऊन जातो. आमच्या श्राद्धात तीन पिढ्या, इथे फार तर सहा-सात. ज्यांनी जास्त पैसे देऊन खोल कोरून घेतलं त्यांचं थोडं अधिक.

दोन-तीन शिळांवर कवटी आणि हाडांचं चिन्ह शाबूत आहे. मुलं तिथे फोटो काढतात. ते चाच्यांचं थडगं आहे असं गाइड त्यांना सांगतात. चाचे वगैरे काही नाही. 'तुलाही मरायचं आहे' हे वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून त्या काळी सभ्य गृहस्थांच्या थडग्यावरही कवटी काढत. पण खरं सांगितलं तर गोष्टीतली मजा जाते.

आणि कोऱ्या झालेल्या या शिळांपैकी कित्येकींच्या खाली कधी कुणी नव्हतंच. व्हिटबी हे खलाशांचं गाव. कोळशाची जहाजं, ग्रीनलंडकडे देवमासे मारायला जाणारी जहाजं, हेरिंगच्या होड्या. बुडालेला माणूस सापडत नाही. घरचे शिळा उभी करत, नाव आणि जहाजाचं नाव कोरत, खाली माती रिकामी. ब्रॅम स्टोकरने हे बरोबर हेरलं होतं. १८९० च्या उन्हाळ्यात तो सुट्टीसाठी इथे आला, या दफनभूमीत बसला, शिळांवरची नावं वहीत उतरवून घेतली. त्यातलंच स्वेल्स हे आडनाव त्याने कादंबरीतल्या म्हाताऱ्या खलाशाला दिलं, आणि हा म्हातारा नेमकं हेच सांगतो: इथले दगड खोटं बोलतात.

कादंबरी अर्थातच 'ड्रॅक्युला'. १८९७ मध्ये आली. ते नावही स्टोकरला व्हिटबीच्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. खाली टेट हिलच्या वाळूवर १८८५ मध्ये नार्वा बंदराचं 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज आपटलं होतं. स्टोकरने त्याचं केलं वार्ना बंदराचं 'डिमीटर'. अक्षरं पुढेमागे केली की नार्वाची वार्ना होते, देवनागरीतसुद्धा. त्या जहाजातून एक मोठा काळा कुत्रा उडी मारून बाहेर पडतो आणि थेट या दफनभूमीकडे पळत सुटतो. नारायण धारपांची पुस्तकं पांघरुणात विजेरी लावून वाचलेल्या माझ्या पिढीला हा कुत्रा कुठून आला ते माहीत नसलं, तरी त्याची पिल्लावळ ओळखीची आहे.

परिणाम असा की दफनभूमीला लागूनच असलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये ड्रॅक्युलाची कबर विचारत माणसं येतात. इतकी येतात की शेवटी चर्चला पाटी लावावी लागली: कबर कुठे म्हणून विचारू नका, ती नाही. दाराशी बसलेल्या बाईंना मी विचारलं, पाटीचा उपयोग होतो का? "आता लोक पाटीचा फोटो काढतात आणि मग विचारतात," त्या म्हणाल्या. जे खरोखर होते त्यांची नावं वाऱ्याने पुसली आणि जो कधी नव्हताच त्याच्या थडग्याची चौकशी थांबत नाही. मी बाईंना एवढंच म्हटलं की मी हंट्रॉड्स नवरा-बायकोला भेटायला आले आहे. त्यांचा चेहरा खुलला. उठून बाहेर आल्या आणि चर्चच्या भिंतीवरची शिळा दाखवली.

फ्रान्सिस आणि मेरी हंट्रॉड्स. दोघं एकाच दिवशी जन्मले, १९ सप्टेंबर १६००. लग्न वाढदिवसाच्याच तारखेला. बारा मुलं. आणि मृत्यू १९ सप्टेंबर १६८० ला, वयाच्या ऐंशीव्या वाढदिवशी, एकाच्या मागे दुसरा पाच तासांच्या आत. वटसावित्रीच्या गोष्टीतही इतकी चोख मागणी कुणी केली नसेल! ही अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतात.

चर्चचा गाभा १११० च्या सुमाराचा, पण आत पाऊल टाकलं की जहाजात शिरल्यासारखं वाटतं. अठराव्या शतकात गाव श्रीमंत झालं, माणसं मावेनात, तेव्हा वरच्या सज्ज्यांवर सज्जे चढवले. छत जहाजाच्या डेकवर असतं तशा खिडक्यांचं. खाली बाकं नाहीत, लाकडी खोल्याच म्हणा: कमरेच्या वर भिंती, दार, आत कुटुंबापुरती जागा. वारा लागू नये आणि शेजारचा कोण डुलक्या काढतोय ते दिसू नये अशी सोय. ज्याची खोली त्याच्या नावाची. काही खोल्यांवर लिहिलं आहे, 'फक्त परक्यांसाठी'. मी आपली मुकाट्याने त्यातच जाऊन बसले. समोर तीन मजली व्यासपीठ, १७७८ चं, आणि त्याच्या पाठीला दोन लांब नळ्या लोंबणाऱ्या. एका धर्मगुरूच्या बायकोला ऐकू येत नसे. तिला नवऱ्याचं प्रवचन चुकू नये म्हणून या कर्ण्यांची सोय केलेली. तिची तशी इच्छा होती का, याची नोंद कुठे दिसली नाही.

भिंतीवर एका जीवरक्षक नौकेचं स्मारक आहे. ९ फेब्रुवारी १८६१ ला वादळात एकामागून एक जहाजं बंदराच्या तोंडाशी आपटत होती. गावच्या नाविकांनी नौका एका दिवसात पाच वेळा पाण्यात घातली आणि माणसं सोडवून आणली. सहाव्या खेपेला ती उलटली. धक्क्यावर सगळं गाव बघत होतं. तेरांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण त्या दिवशी नव्याने आलेलं बुचाचं जाकीट एकट्याने घातलं होतं. बाकीचे जुन्याच जाकिटात होते. त्याच वर्षी डिसेंबरात राणीचा नवरा गेला आणि काळ्या दागिन्यांचा भाव वाढला. व्हिटबीत मात्र काळे कपडे दहा महिने आधीच निघाले होते.

चर्चमागून दोनशे पावलांवर मठाचं आवार. आत शिरताना मन उगाच गंभीर झालं. मग लक्षात आलं की हिल्डा जिथे राहिली ते हे नव्हे. तिचा मठ ६५७ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वी याने दिलेल्या जागेवर उभा राहिला, लाकडाचा आणि कुडाचा. पुरुष आणि स्त्रिया दोघांचा एकत्र मठ, वर अधिकार बाईचा. राजघराण्यातली, तेहतिसाव्या वर्षी संन्यास घेतलेली. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. नवव्या शतकात डेन्मार्ककडून आलेल्या वायकिंगांच्या धाडींत तो मठ संपला. जागा दोनशे वर्षं ओस पडली. मग एका नॉर्मन शिपायाने, संन्यासी होऊन, ती पुन्हा वसवली. आज दिसते ती वास्तू १२२० नंतर बांधायला घेतलेली. पैसे संपले की काम थांबे. त्यामुळे पूर्वेकडच्या उंच, सडपातळ खिडक्या एका शतकाच्या आणि पश्चिमेकडची नक्षी पुढच्या शतकाची. नक्षी कुठे बदलते तो सांधा खालून स्पष्ट दिसतो, एका सुनेने सुरू केलेला स्वेटर दुसरीने पुरा करावा तसा.

हिल्डाच्या मठातली एक घटना मात्र मला घरची वाटली. ६६४ मध्ये इथे धर्मसभा भरली. वाद काय? ईस्टरची तारीख. आयर्लंडकडून आलेल्या भिक्षूंचं पंचांग एक आणि रोमचं दुसरं. चांद्रमास आणि सौरवर्ष यांचा मेळ बसवायला रोमवाले एकोणीस वर्षांचं चक्र वापरत (त्याच एकोणीस वर्षांत आपले सात अधिक महिने येतात) आणि आयरिश चौऱ्याऐंशी वर्षांचं. राजा ओस्वी आयरिश पंचांगाचा. राणी दक्षिणेकडच्या केंटमध्ये वाढलेली, रोमच्या पंचांगाची. म्हणजे काही वर्षी राजा ईस्टरची मेजवानी झोडत असे, आणि त्याच वाड्यात राणी आणि तिची माणसं अजून उपासच करत असत. हे वाचून इंग्रज हसतात. मला हसू आलं ते वेगळ्या कारणाने. रत्नागिरीला आमच्या शेजारी टिळक पंचांग मानणारं घर होतं. एखाद्या वर्षी अधिक महिन्याचा घोळ झाला की त्यांचे गणपती आमच्याआधी महिनाभर येऊन जायचे, आणि आम्हा मुलांना दोनदा मोदक मिळायचे. राणीच्या स्वयंपाक्याचे हाल मला नीट कळतात.

सभेत आयरिश बाजूने कोलमान बोलला, रोमच्या बाजूने विल्फ्रिड. विल्फ्रिड म्हणाला की ख्रिस्ताने स्वर्गाच्या किल्ल्या पीटरकडे दिल्या आणि रोम हे पीटरचं पीठ. राजाने कोलमानला विचारलं, हे खरं का? कोलमान म्हणाला, खरं. मग राजा म्हणाला की दारावर जो उभा आहे त्याच्याशी मी वैर घेणार नाही, नाहीतर मी वर गेल्यावर दार कोण उघडणार. निकाल लागला. कोलमान आपली माणसं घेऊन परत गेला. हिल्डा आयरिश बाजूची होती, पण निर्णय मानून तिने मठ चालवला. त्या दिवसापासून इंग्लंडचं चर्च रोमशी बांधलं गेलं, ते आठव्या हेन्रीने तोडेपर्यंत.

तोडलं तेव्हा याच मठाचं काय झालं ते समोर उभं आहे. १५३९ मध्ये मठ राजाकडे जमा झाला. छपराचं शिसं गेलं, घंटा गेल्या. एकदा शिसं काढलं की पाऊस उरलेलं काम करतो. जमीन चमली नावाच्या घराण्याकडे आली (लिहिताना ते चोल्मली लिहितात, का ते त्यांना विचारायचं नसतं). त्यांनी मठाचाच दगड काढून शेजारी वाडा बांधला. बाकीचं पडत गेलं: एक बाजू १७३६ मध्ये, मुख्य दालन १७६२-६३ च्या सुमारास, मधला मनोरा १८३० मध्ये. मग समुद्राकडूनही तोफ आली. १६ डिसेंबर १९१४ ला दोन जर्मन युद्धनौकांनी व्हिटबीवर गोळे टाकले, त्यातले काही मठाच्या पश्चिम दारावर बसले. सगळंच पाडून का टाकलं नाही? कारण खलाशांना दुरून खूण म्हणून हा सांगाडा हवा होता.

घंटांची कथा अशी की त्या जहाजात भरून लंडनला निघाल्या आणि जहाज इथल्या इथेच, ब्लॅक नॅब नावाच्या खडकाशी, बुडालं. अजून पाण्याखालून वाजतात म्हणे. ऐकून मला आमच्या घंटा आठवल्या. वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराची घंटा बघायला आजही लोक जातात. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला. त्याचा एक मोडका मनोरा अजून उभा आहे, आणि घंटा पणजीच्या चर्चमध्ये रोज वाजते आहे. मठ पडला तरी घंटेला कुणीतरी घर देतं. पाण्यात मुक्काम व्हिटबीच्याच नशिबी आला.

मी ब्लॅक नॅब बघायला कड्यावरच्या पाऊलवाटेने पूर्वेकडे निघाले. डाव्या हाताला कडा सरळ खाली, गवत भुसभुशीत. अर्ध्या तासात सॉल्टविकचा उपसागर लागतो, आणि तिथला कडा विचित्र दिसतो, अर्धा खाऊन टाकल्यासारखा. खाल्लाच आहे. तुरटीसाठी. तुरटीशिवाय कापडावर रंग धरत नाही, आणि ती आधी पोपच्या मुलखातून यायची. पोपशी फाटल्यावर इंग्लंडला घरची तुरटी हवी होती. इथल्या काळ्या खडकात ती होती. सतराव्या शतकात चमलींनी सॉल्टविकलाही कारखाना काढला. खडक महिनोन् महिने ढिगात जाळायचा, राख पाण्यात भिजवायची आणि स्फटिक बसायला त्यात माणसाचं मूत्र घालायचं. एवढं मूत्र या गावात कुठून येणार? लंडनहून, न्यूकॅसलहून पिंपं भरून जहाजाने येत असे. या किनाऱ्यावर ही उठाठेव १८७१ पर्यंत चालली. न्हाव्याने गालावर फिरवलेल्या तुरटीच्या मागे लंडनच्या गल्ल्यांतली पिंपं असतील, हे आपल्याला कधी सुचलं होतं?

सॉल्टविकच्याच खडकावर ३० ऑक्टोबर १९१४ ला 'रोहिला' फुटलं. ब्रिटिश इंडिया कंपनीचं जहाज, रुग्णालय म्हणून युद्धावर निघालेलं. नाव वाचून मी उगीच मागे वळून पाहिलं. आपल्याला रोहिला म्हटलं की नजीब आठवतो आणि दत्ताजी. यॉर्कशायरच्या या काळ्या पाण्यात त्या नावाखाली ऐंशीहून अधिक माणसं बुडाली, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, तीन दिवस बचाव चालू असताना. त्यातल्या अनेकांना गावाने आपल्या नव्या दफनभूमीत जागा दिली.

परत येईतो धुकं चढलं होतं. इथे त्याला फ्रेट म्हणतात. समुद्रावरून येतं आणि दहा मिनिटांत सगळं पुसून टाकतं. मठ गेला, चर्च गेलं, शिळा तेवढ्या जवळच्या जवळ उगवत होत्या. कड्याच्या बाजूला कुंपण आहे. पलीकडे उतार, त्याखाली हेन्रिएटा स्ट्रीट, जिथे १८७२ पासून हेरिंग धुरावतात. त्या धुराचा वास वरपर्यंत येत होता. सुकटीच्या गावात वाढलेल्या माझ्यासारखीला तो वास नको वाटत नाही. कुंपण का आहे तेही कळलं. २०१२ च्या शेवटी पावसाने हा उतार घसरला, खालची काही घरं पाडावी लागली, आणि मातीबरोबर वरच्या कबरींतली हाडं उतारावर आली. गोळा करून पुन्हा पुरली. कोणती कुणाची, ते सांगणाऱ्या शिळा आधीच कोऱ्या होत्या.

उतरताना पुन्हा पायऱ्या मोजल्या. एकशे अठ्ठ्याण्णव. मधल्या बाकावर सकाळचाच म्हातारा बसला होता, कुत्रा पायाशी, हातात कागदातले चिप्स. मी म्हटलं, एक कमी भरली. तो म्हणाला, "लहान होतो तेव्हा मला दोनशे भरायच्या." आणि सरकून त्याने मला जागा करून दिली.